मध्येच इटालियन बोलू लागणारा काउबॉय

जुना इटालियन वेस्टर्न, म्हणजे इटालियनांनी काढलेला काउबॉयपट, डिस्कवर इंग्रजीतून बघत बसलं की कधी कधी एक गंमत होते. नायक गुत्त्यात शिरतो, इंग्रजीत दोन वाक्यं टाकतो, खुर्ची ओढून बसतो आणि अचानक इटालियन बोलायला लागतो. आवाजही दुसऱ्याच माणसाचा. खाली सबटायटल्स येतात. दीड-दोन मिनिटांनी तो उठतो, दाराबाहेर पडतो आणि पुन्हा इंग्रजीवर येतो. गुत्त्यातल्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, डिस्क बिघडली. डिस्क ठणठणीत असते. ती दोन मिनिटं इंग्रजी सिनेमातून कधीकाळी कापली गेली होती आणि नंतर कुणीतरी ती इटालियन प्रतीतून आणून परत जोडली. चित्र मिळालं, इंग्रजी आवाज मिळाला नाही. बऱ्याचदा तो कधी मुद्रित झालेलाच नसतो. गोधडीला जुन्या लुगड्याचा तुकडा लावला की रंग वेगळा दिसतो, तसं इथे भाषेवरून जोड ओळखू येतो.

'हरवलेला सिनेमा' म्हटल्यावर आपल्या मनात मूकपट येतात. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची सगळी रिळं आज नाहीत, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. तिथे हरवणं सरळ आहे: रिळ होतं, आता नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या इटालियन वेस्टर्नचं तसं नाही. त्यातला एखादा सिनेमा हरवला असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारायचा: त्यातलं काय हरवलं? कारण हे सिनेमे मुळात एकसंध वस्तू म्हणून जन्मालाच आले नव्हते.

हे समजायला ते बनायचे कसे ते बघू. १९६४ साली दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' इटलीत चालला, तुफान चालला, आणि मग पुढच्या दहा-बारा वर्षांत पाचशेच्या वर वेस्टर्न निघाले. पैसे इटली, स्पेन, पश्चिम जर्मनी अशा दोन-तीन देशांतल्या निर्मात्यांनी मिळून घालायचे. बाहेरचं चित्रण दक्षिण स्पेनमधल्या आल्मेरियाजवळ ताबेर्नासच्या उजाड माळावर, आतलं रोमच्या स्टुडिओंत. कॅमेऱ्यासमोर अमेरिकन नट इंग्रजी बोलतोय, समोरचा इटालियन त्याच्या भाषेत उत्तर देतोय, मागचा स्पॅनिश तिसऱ्याच भाषेत ओरडतोय. चालायचं, कारण सेटवरचा आवाज वापरायचाच नसे. सगळे संवाद, घोड्यांच्या टापा, गोळ्या, वारा, दाराची कुरकुर नंतर डबिंगच्या खोलीत भरायचं. लिओनेच्या सिनेमांचा अमेरिकन नायक क्लिंट इस्टवूड, त्याला इटालियन प्रेक्षकांनी ऐकलं ते एन्रिको मारिया सालेर्नो या नटाच्या आवाजात.

म्हणजे 'मूळ आवाज' अशी गोष्टच नाही. इटालियन आवाजपट्टी हीही डबिंगच आणि इंग्रजीही डबिंगच. चित्राची निगेटिव्ह एकीकडे, संगीताच्या टेप दुसरीकडे, प्रत्येक भाषेच्या आवाजपट्ट्या तिसरीकडे. त्यात प्रत्येक देशाचा वितरक आपल्या सोयीनं कापणार. अमेरिकेत लांबी कमी करायची, कारण दिवसाला एक खेळ जास्त बसतो. ब्रिटनमध्ये सेन्सॉर हिंसा कापणार. सर्जिओ कोर्बुच्ची या दुसऱ्या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६६ च्या 'जँगो'ला तर ब्रिटनमध्ये १९९३ पर्यंत प्रमाणपत्रच मिळालं नव्हतं. अशा रीतीनं एका सिनेमाचे पाच-सहा सिनेमे होतात, आणि ते सगळे खरे असतात.

यातलं सर्वांत नीट उलगडलेलं उदाहरण लिओनेच्याच 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चं आहे. डिसेंबर १९६६ मध्ये तो इटलीत लागला तेव्हा जवळपास तीन तासांचा होता. वर्षभरानं अमेरिकेत पोहोचला तोवर १६१ मिनिटांचा झाला होता. मधली मिनिटं इंग्रजी डबिंगच्या आधीच कापली गेली होती, त्यामुळे त्या दृश्यांत इस्टवूड किंवा त्याच्या जोडीचा नट ईलाय वॉलॅक इंग्रजीत काय बोलतात, हे कुठेच नोंदलेलं नव्हतं. चित्र इटालियन प्रतींत होतं. आवाज जगात कुठेच नव्हता.

२००३ मध्ये एमजीएम कंपनीनं लांब आवृत्ती इंग्रजीत आणायचं ठरवलं, तेव्हा उपाय एकच होता: त्या दोघांना बोलावायचं. पस्तीस वर्षांहून जास्त काळ उलटलेला. इस्टवूड सत्तरी ओलांडलेला, वॉलॅक पंच्याऐंशीच्या पुढे. पडद्यावर वॉलॅकचा तुको ऐन भरात, घामेजलेला, शिव्या घालत धावणारा. आणि माइकसमोर तोच माणूस म्हाताऱ्या घशानं त्याचे शब्द भरतोय. लक्ष देऊन ऐका, फरक कळतो. तुकोच्या आवाजात एकदम वाळू भरल्यासारखी होते. सिनेमातला तिसरा मुख्य नट ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच वारला होता, त्यामुळे त्याचं काम दुसऱ्या नटाला करावं लागलं.

मला स्वतःला हा प्रकार फार आवडतो आणि थोडा खटकतोही. आवडतो, कारण दृश्यं परत मिळाली. खटकतो, कारण तुको कोंबडी घेऊन गुहेत उतरून जुन्या साथीदारांना बोलावतो, ते दृश्य खुद्द लिओनेनं इटलीतल्या पहिल्या खेळांनंतर काढून टाकलं होतं. दिग्दर्शकाला नको असलेलं परत घालणं याला सापडणं म्हणायचं की ढवळाढवळ, यावर चाहते अजून भांडतात.

आणि याच सिनेमात एक भाग असा आहे, जो खरोखरच गेला. तुको इस्टवूडच्या ब्लाँडीला शोधत सोकोरो नावाच्या गावात येतो, तिकडे ब्लाँडी एका मेक्सिकन बाईबरोबर हॉटेलच्या खोलीत आहे, असा तो प्रसंग. तो चित्रित झाला होता एवढं नक्की, कारण त्याची छायाचित्रं आहेत आणि सिनेमाच्या फ्रेंच ट्रेलरमध्ये त्यातले काही क्षण आहेत. बाकी काही नाही. ट्रेलर कापणाऱ्यानं घाईत उचललेला तो एवढासा तुकडा त्या प्रसंगाचा एकमेव हलता पुरावा आहे. ट्रेलर हा सिनेमाचा जाहिरातीपुरता उष्टा घास. पण ताट गेल्यावर उष्ट्यालाच मोल येतं.

याच्या उलट प्रकारही आहे. कोर्बुच्चीचा १९६८ चा 'द ग्रेट सायलेन्स' बर्फातला वेस्टर्न. डोलोमाइट पर्वतात चित्रित केलेला, आणि रोमजवळच्या स्टुडिओत बर्फ कमी पडलं तिथे दाढीचा फेस पसरून निभावलेला. त्याचा शेवट इतका काळा आहे की काही बाजारपेठांसाठी एक गोड शेवट वेगळा चित्रित करावा लागला. पुढे तो मिळाला. आणखी एक तिसरा, अर्धवट मोघम शेवटही मिळाला, पण त्याला आवाजच नाही. सोकोरोचं चित्र गेलं. इथे चित्र आहे आणि माणसं मुकाट तोंडं हलवतात. नायकही मुकाच असल्यामुळे तेवढं एक बरं.

आता एखाद्या कमी प्रसिद्ध सिनेमाकडे येऊ. त्यातलं किती हरवलंय हे ठरवायचं कसं? इथे इटालियन सरकारी कागद कामाला येतात. तिथे सिनेमा लावायला सेन्सॉरची परवानगी लागायची आणि त्या परवानगीवर सिनेमाची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असे. गणित सोपं आहे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या वेगानं पळते आणि एका मिनिटाला २७.३६ मीटर खाते. समजा कागदावर २,७३६ मीटर लिहिलेत, तर सिनेमा बरोबर १०० मिनिटांचा होता.

समजा आपल्या हाती त्याची जुनी युरोपीय व्हिडिओ कॅसेट आहे आणि ती ८८ मिनिटं चालते. बारा मिनिटं गेली? थांबा. युरोपात टीव्हीचा वेग सेकंदाला २५ चौकटी होता, त्यामुळे कॅसेटवर सिनेमा चार टक्के जलद पळतो. शंभर मिनिटांचा अख्खा सिनेमाही तिथे शहाण्णव मिनिटांतच संपणार. म्हणजे खरी तूट बाराची नाही, आठ-साडेआठ मिनिटांची. हे न कळल्यामुळे 'चार मिनिटं हरवलेली आवृत्ती' म्हणून शोधाशोध झालेले सिनेमे काहीच हरवलेले नव्हते, असंही निघतं. जलद पळाल्यानं आवाजही किंचित चढतो. या सिनेमांचा संगीतकार एन्नियो मोरिकोने, त्याची शिट्टी अर्ध्या सुराहून थोड्या कमीनं वर गेलेली ऐकली की तयार कानाला लगेच कळतं.

कागद, पोस्टर, सिनेमागृहाबाहेर लावायची छायाचित्रं, संगीताची रेकॉर्ड. फिल्म नसलेल्या सिनेमाबद्दल एवढं सगळं शिल्लक असू शकतं. कथा माहीत, नट माहीत, शीर्षकगीत गुणगुणता येतं, सिनेमा बघता येत नाही.

फिल्म शिल्लक असली तरी ती कशी आहे हा पुढचा प्रश्न, आणि इथे काटकसर आडवी येते. हे सिनेमे बहुतांशी टेक्निस्कोप पद्धतीनं काढलेले. एरवी रिळाच्या कडेची चार भोकं म्हणजे एक चौकट. टेक्निस्कोपमध्ये दोनच. रुंद पडद्याचं चित्र निम्म्या फिल्ममध्ये मिळतं. जे तीनशे मीटरचं रिळ अकरा मिनिटं पुरायचं ते बावीस मिनिटं पुरतं. फिल्म महाग, निर्माता कंजूष, म्हणजे सोन्याहून पिवळं. लिओनेनं डोळ्यांचे ते अजस्र क्लोजअप काढले तेही याच चिंचोळ्या चौकटीत.

पण निगेटिव्हवर चित्र निम्मं, आणि थिएटरच्या प्रिंटवर ते चार भोकांचं हवं. म्हणजे छापताना ते ताणून मोठं करावं लागतं. टेक्निकलरच्या प्रयोगशाळा हे काम रंग थेट फिल्मवर उमटवण्याच्या त्यांच्या खास पद्धतीत करत आणि त्या प्रिंट आजही झळझळीत दिसतात. ती पद्धत पुढे बंद पडली. नंतरच्या प्रतींसाठी मधल्या पिढीची एखादी प्रत काढणं आलं. दाणे मोठे, कडा मऊ. ज्या प्रिंट ईस्टमनकलरवर छापल्या गेल्या, त्यांतला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी होतं. आल्मेरियाचं आकाश गुलाबी, घोडा गुलाबी, रक्तही गुलाबीच. आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत जुन्या पेटीतला सिनेमा बघितलेल्यांना हा रंग वेगळा सांगायला नको.

त्याहून वाईट म्हणजे व्हिनेगर. त्या काळची फिल्म अॅसिटेटची. उष्णता आणि ओल मिळाली की ती आतून कुजते आणि अॅसेटिक अॅसिड सोडते. डबा उघडताक्षणी लोणच्याच्या बरणीसारखा आंबट भपकारा येतो. फिल्म आकसते, वाकते, भोकांचं अंतर बदलतं आणि ती यंत्रात बसेनाशी होते. शेजारच्या डब्यालाही ही लागण होते. म्हणून संग्रहालयात आजारी रिळं निरोगी रिळांपासून वेगळी ठेवतात.

नावांचा घोळ तर विचारूच नका. अमेरिकन सिनेमा वाटावा म्हणून सगळ्यांनी इंग्रजी नावं घेतली. दिग्दर्शकांत मार्गेरिती झाला अँथनी डॉसन, पारोलिनी झाला फ्रँक क्रेमर, आणि नटांत मारियो जिरोत्ती झाला टेरेन्स हिल. पहिल्या सिनेमावर लिओनेनं बॉब रॉबर्टसन हे नाव लावलं. त्यात मात्र एक हळवी जागा आहे. त्याचे वडील मूकपटांचे दिग्दर्शक, नाव लावायचे रोबेर्तो रोबेर्ती. रॉबर्टसन म्हणजे रॉबर्टचा मुलगा. या वडिलांनी १९१३ साली, म्हणजे आपल्या 'राजा हरिश्चंद्र'च्याच वर्षी, एक वेस्टर्न काढला होता आणि त्यात लिओनेची आई होती.

सिनेमांची नावंही देशागणिक बदलायची. 'जँगो' चालल्यावर जर्मन वितरकांनी दिसेल त्या वेस्टर्नला जँगो म्हणायला सुरुवात केली. 'जँगो'चाच नायक फ्रँको नीरो, त्याचा 'टेक्सास, अदियो' तिथे जँगोचा सिनेमा म्हणून लागला, जँगोचा त्यात पत्ता नाही. दिग्दर्शक जूलिओ क्वेस्तीच्या १९६७ च्या सिनेमाचं इटालियन नाव साधारण 'जिवंत असशील तर गोळी घाल' असं. इंग्रजीत त्याच्या पुढे जँगो चिकटला. आता एखाद्या गोदामात डबा सापडला, पहिलं रिळ गायब, डब्यावर जर्मन नाव. हा कुठला सिनेमा? फिल्मच्या कडेला कोडॅकनं छापलेल्या वर्तुळ-चौकोन-त्रिकोणाच्या खुणांवरून कच्च्या फिल्मचं वर्ष कळतं, पुढचं नटांचे चेहरे ओळखून. कित्येक 'हरवलेले' सिनेमे चुकीच्या नावाखाली फडताळात पडून असतात.

इटलीत १९४९ पासून कायदा आहे की प्रत्येक इटालियन सिनेमाची एक प्रत रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात, चिनेतेका नात्सिओनालेत, जमा करायची. सोय उत्तम आहे, पण ती प्रत असते इटालियन आवृत्तीची. इंग्रजी डबिंगची टेप, स्पेनसाठी केलेले फेरफार, जर्मन काटछाट यांना कुणी वाली नाही. त्यातून अनेक निर्माते एक-दोन सिनेमांपुरती कंपनी काढायचे, मग ती बुडायची किंवा हक्क विकून टाकायची. पुढे हक्क एकाकडे, निगेटिव्ह दुसऱ्याकडे, आणि प्रयोगशाळेचं बिल थकलेलं. २००७ मध्ये व्हेनिस महोत्सवानं अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनोला पुढे करून या सिनेमांचा मोठा विभाग भरवला, तेव्हा कुठे त्यांतल्या आडवळणाच्या नावांनाही चांगल्या प्रतींची किंमत आली.

या दुरुस्तीचं एक मोठं ठिकाण म्हणजे बोलोन्या शहरातली लिमाजिने रित्रोवाता ही प्रयोगशाळा. नावाचा अर्थच 'परत मिळालेली प्रतिमा'. वेगवेगळ्या देशांतून आलेली रिळं इथे चौकटीमागून चौकट तपासून एकत्र बांधतात: पहिला भाग निगेटिव्हवरून, खराब तीस सेकंद दुसऱ्या प्रिंटवरून, आवाज तिसरीकडून. इथेही वाद होतातच. २०१४ मध्ये 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' इथून नव्यानं आला तेव्हा अख्खा सिनेमा पिवळट झाला म्हणून चाहत्यांनी गदारोळ केला.

आपला संबंध येतो तो याच प्रयोगशाळेत. 'शोले' हा इटालियन वेस्टर्नचाच इकडचा भाऊबंद, आणि त्याचीही कहाणी तीच. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो हा मूळ शेवट आणीबाणीतल्या सेन्सॉरनं बदलायला लावला. मूळ निगेटिव्हला पुढे व्हिनेगर लागलं. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं सिप्पी फिल्म्सबरोबर काम हाती घेतलं, मुंबई आणि लंडनच्या साठ्यांतून जे मिळालं ते बोलोन्याला गेलं, आणि जून २०२५ मध्ये तिथल्याच भर चौकात, उघड्यावर, तो मूळ शेवटासकट दाखवला गेला.

आता एक उलटी गंमत. सत्तरच्या दशकात 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' अमेरिकन टीव्हीवर दाखवायचा होता. नायक पैशासाठी माणसं मारतो आणि त्याला कुणी शिक्षा करत नाही, हे वाहिनीला पचेना. म्हणून मॉन्टे हेलमन या दिग्दर्शकाकडून चार-पाच मिनिटांची नवी सुरुवात काढून घेतली. तुरुंगाचा अधिकारी, म्हणजे हॅरी डीन स्टँटन, एका कैद्याला माफीच्या बदल्यात ते गाव साफ करायला पाठवतो. इस्टवूड अर्थातच आला नाही. टोपी खाली ओढलेला, पोंचो पांघरलेला दुसराच माणूस उभा केला आणि मधूनमधून सिनेमातले इस्टवूडच्या डोळ्यांचे क्लोजअप चिकटवले. अधिकारी बोलत राहतो, टोपी गप्प राहते.

हा तुकडा सिनेमाच्या कुठल्याही प्रतीत नव्हता. टीव्हीवर आला आणि गेला. तो आज बघता येतो, कारण एका चाहत्यानं त्या वेळी घरच्या बेटामॅक्स व्हिडिओ यंत्रावर तो टेप करून ठेवला होता. डिस्कच्या पुरवणीत तो आहे तसाच टाकलाय: रंग ओघळलेले, रेषा थरथरणाऱ्या, आणि त्यामागे लिओनेचं लखलखीत आल्मेरिया.